चार वाजून बारा मिनिटं

पायसांदू, मंगळवार

प्रिय मागेला,

नेट शनिवारीच सुरू झालं. एवढं फोनवर कळवलं असतं तरी पुरलं असतं, पण धीर झाला नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर अजून शाळेत सिस्टरांनी वळवलेलंच आहे.

बिल्बाओला जाताना माझ्या जुन्या संगणकावर तू लिनक्स घालून दिलंस आणि वहीत त्याला द्यायच्या आज्ञा लिहून ठेवल्यास. तीन आठवडे मी ती वही जपमाळेसारखी ओढत होते. केबल काढून लावली, संगणक दहादा बंद-चालू केला, तरी कोपऱ्यातली खूण विझलेलीच. लहानपणी तू तापलीस की मी अशीच तुझ्या कपाळाला पुन्हापुन्हा हात लावायची.

शेवटी शेजारचे डॉन एदगार्दो आले. टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेत, पण काखेतला थर्मॉस काही सुटत नाही. त्यातल्या कडवट माते-चहाचा पेला माझ्या हातात देऊन म्हणाले, "दोन्या मिर्ता, तुमचं नेट आजारी नाही, रुसलंय!" नेटवर्कची सेवा चालू होती, केबलही धड होती. मग त्यांनी संगणकाची नोंद उघडली. हे यंत्र शाळेतल्या सिस्टरांसारखं सगळं टिपून ठेवतं, मला कुठे ठाऊक! "हे बघा. रविवार, चार वाजून बारा मिनिटं. कुणीतरी हातानं बंद केलंय. आता पुन्हा सांगेपर्यंत ते बंदच राहणार, संगणक कितीदा का उठवा. घरात भूत-बीत आहे की काय?" मी हसले, पण पेला तसाच खाली ठेवला. त्यांनी एका ओळीची आज्ञा दिली आणि खूण उजळली.

पोरी, त्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो आणि चार वाजून बारा मिनिटांनी तुझी मैत्रीण इरूने तुझ्या शेजारी येऊन बसली. तिनं तुझा हात हातात घेतला आणि तू म्हणालीस, "आई, आम्हां दोघींना तुला काहीतरी सांगायचंय." मी घाबरले गं. दिसेल ते दाबलं आणि तुमचे चेहरे गेले. तुझा फोन आला तेव्हा म्हटलं, लाइनच खराब आहे. तू बिचारी म्हणालीस, "असू दे, सुरू झाली की सांग." नंतर मात्र काय दाबलं होतं ते मलाच सापडेना.

ते भूत मीच. कागदावर मध्येच बटण दाबता येत नाही, म्हणून हे पत्र. ते मिळाल्यावर येणाऱ्या रविवारी चार वाजता मी संगणकासमोर बसलेली असेन. इरूनेला मधोमध बसव, आणि तेव्हा राहिलेलं वाक्य तिलाच सांगू दे.

तुझीच, अजून थोडी घाबरलेली,
आई