उतारावरचं उपरं गवत

सोमवार, ४ ऑगस्ट
उगवलं! बुजवलेल्या खाणीवर सूनबाईने पेरलेलं परदेशी गवत गुडघाभर झालं! खाणवाल्यांनी आमचं कुरण परत दिलं ते नुसता दगड आणि भुकटी. त्यावर हे माजलंय. पण रूप कसलं! ताठ, जाड, भांडकुदळ. कुठे आमच्या गावरान कुसळी गवताची नाजूक मान आणि कुठे हे खराटे!
सूनबाई म्हणे, "बाबा, आधी माती धरून तर ठेवू दे त्याला. कुसळी येईल मागाहून."
"पाहुण्याने घर बळकावल्यावर घरचे कुठून येणार?"
ती हसली. ती हसली की मला धास्ती वाटते. बहुतेक तिचंच खरं निघतं.

६ ऑगस्ट
शाळेतली कुरणाची कविता आठवत बसलो. दोन कडवी आली, तिसरं गेलं. सासऱ्यांच्या गायी चारताना म्हणायचो ती. गायींना पाठ होती.

रविवार, १० ऑगस्ट
चराईची सभा. आमचा मेंढपाळ दोस्त — सभेचाही तोच म्होरक्या — म्हणाला, "कुणाला बोलायचंय?" उठलो.
"हिरवे जरी, उपरेच ते, त्यास आपुल्या वाऱ्याची ओळख नाही!"
तिथल्या तिथे सुचलं! टाळ्या! जन्मभर कविता म्हणतोय, आज पहिल्यांदा कुणी शेवटपर्यंत ऐकली. भराभर हात वर. परदेशी गवत नांगरून टाकायचं — पुढच्या सोमवारी, १८ला, ट्रॅक्टर!
सूनबाई मागच्या रांगेत होती. दोन वर्षं राबलीय त्या उतारावर. हसली नाही.

११ ऑगस्ट
आमच्या हिने भांडी जरा जास्तच आपटली. "उपरं म्हणे! तुम्ही कुठले हो इथले? घरजावई म्हणून आलात, एक पत्र्याची पेटी घेऊन. तुमच्यावर फिरवला का कुणी नांगर?"
चहा गार झाला.

१३ ऑगस्ट
विजयी वीराने रणांगण पाहावं तसा उतारावर गेलो. पाय घसरला! हाताला लागला खराटा. उपटला नाही मेला, मलाच धरून राहिला. बोटं बुडाशी गेली तर — माती! त्या भुकटीत गार, ओलसर माती! आणि तिच्यात बारीक तांबूस कोंब. एक चावला. गायी चारताना चघळायचो तीच गोडसर चव. कुसळी! प्रत्येक झुपक्याच्या सावलीत. उघड्या जागी मात्र एक पात नाही.
बरं झालं, बघायला कुणी नव्हतं. कान लालबुंद झाले असणार.

१४ ऑगस्ट
सूनबाईला सांगितलं. "माहीत आहे बाबा."
"मग सभेत बोलली का नाहीस?"
"तुमच्या कवितेनंतर मी मोजलेल्या कोंबांचे आकडे कोण ऐकणार होतं?"
तसाच म्होरक्याकडे. साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्याने जांभई दिली. "ठराव झाला की राव! आणि खरं सांगू? सभेत बोललात ते जास्त झकास होतं."

१७ ऑगस्ट
ट्रॅक्टर एक दिवस आधीच आला! खालचा अर्धा उतार उलटा झाला. वरच्या अर्ध्यात, गवतात फतकल मारून हे लिहितोय. ड्रायव्हर ओरडतोय, "आजोबा, तुम्हीच तर सांगितलंत ना!" एक ओळ सुचेल तर शपथ. सूनबाई धापा टाकत चढ चढून आली, माझ्याकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं, आणि बसली.
"सरका जरा बाबा. कुसळीवर बसलात."