सगळ्यांसारखा कप

नाशिक, मार्च १९७८

ती. आईस, पुंजारामचा जयभीम.

मी मजेत आहे. इथल्या द्वारका नाक्यावरच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप वेगळा. पिऊन आपणच विसळायचा. काल मी घटनेचं नाव काढून सगळ्यांसारखा कप मागितला. मालक म्हणाला, “हाटेल माझं हाय, सरकारचं नाय. तुझी घटना कचेरीत दाखव.”

मी म्हटलं, “शिवाशिव बंद, हे घटनेनं तुम्हालाही सांगितलंय. देता, का पोलिसात जाऊ?” मग त्यानं दिला.

पण आई, चहा संपल्यावर सवयीनं मीच विसळायला उठलो! लगेच थांबलो, कप उष्टाच टेबलावर ठेवला.

आता येता-जाता दोघं-तिघं सोबत असतो, काळजी नको. तुझा खोकला थांबला का? आणि पाटलाच्या ओट्यावर चहा घेतलास, तर कप विसळू नकोस.

तुझा हट्टी,
पुंजाराम