घेर

३ मार्च
वेळ मिळाली. सोमवारी अकरा वाजता, बायकांच्या डॉक्टरकडे. आयुष्यात पहिल्यांदा! तीन महिने झाले, पाळी थांबायचं नाव घेत नाही. शेवटी आईनेच फोन लावला. "त्यांना काय तुझं नवल? रोज कितीतरी बघतात." त्या कितीतरींत आता मी. हीच तर भीती.

४ मार्च
आरशासमोर उभी राहिले. पोट, मांड्या, मांड्यांवरच्या पांढऱ्या रेघा. चौतीस वर्षांत एवढा ऐवज जमवलाय, आणि दाखवायची वेळ आली तर घाम फुटतोय. दुकानात दिवसभर मी दुसऱ्या बायकांची मापं घेते. त्या पोट आत ओढतात, मी म्हणते, "ताई, श्वास सोडा, नाहीतर ड्रेस घट्ट होईल." सांगायला माझं काय जातं!

६ मार्च
रद्द करावं का? दुकानात काम फार आहे म्हणून सांगता येईल. काम कसलं, दोन पँटी आखूड करायच्यात. पण दुपारी माप घेता घेता डोळ्यांपुढे अंधारी आली, गिऱ्हाइकालाच धरून उभी राहिले. म्हणजे जायला हवं. भीती आजाराची वाटायला हवी ना? मला मांड्यांचीच वाटते. लिहितानाही लाज वाटतेय.

७ मार्च
उपाय सापडला — तपासणीसाठी स्वतःच गाऊन शिवला! घोट्यापर्यंत, गडद निळा, आतून अस्तर. घेर अगदी बेताचा ठेवला, म्हणजे जरा बारीक दिसेन. आई म्हणाली, "तपासणीला चाललीयेस की लग्नाला?"

१० मार्च
झालं एकदाचं. टेबलावर झोपले. "गुडघे बाजूला घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुडघे जाणार कुठे? गाऊनला घेरच नव्हता! इतकी वर्षं धंदा करून ही अक्कल. शेवटी नर्स आणि मी मिळून तो ओढत ओढत काखेपर्यंत नेला. मांड्या झाकायला निघाले होते, बेंबीसुद्धा झाकली गेली नाही. मला हसू फुटलं. त्याही हसल्या. "हसत राहा, पोट सैल राहतं."

थोडं दुखलं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. नजर भिंतीवर, लक्ष सगळं बोटांत — मी कापडाचा पोत बघते तसं. रेघांबद्दल चकार शब्द नाही. जरा अपमानच वाटला. गाठ आहे म्हणाल्या, साधीच वाटते, सोनोग्राफी करून खात्री करू. गोळ्या दिल्या. बाहेर आले तर पाय हलके झाले होते.

११ मार्च
आईला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. धुतलेल्या चादरीची घडी घालत होती, ती मोडून पुन्हा घातली. "फार दुखतं का गं?" मग म्हणाली, "मलाही ने. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता वर्षभर पुन्हा अंगावर जातंय. म्हटलं, आधी तू जाऊन ये, मग बघू."
उद्याची वेळ घेतली आहे.