कोरड्या जावयाचा पट्टा

ती. मामांस भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पट्टा आहे, तो काढायची परवानगी नाही).

तुमची कंबर कशी आहे? फोनच केला असता, पण मामी स्पीकर लावतात. इकडे सगळं छान. मधे फक्त मी बेवडा ठरलो आणि बायको माहेरी गेली.

त्याचं असं झालं, घामावरून दारू ओळखणारा मनगटी पट्टा एका कंपनीने काढलाय. रात्रंदिवस हातात, घोट घेतला की चुगली. चाचणीला त्यांना काही पिणारे हवे होते, काही थेंबही न घेणारे. मी दुसऱ्या रांगेत ऐटीत उभा! चुगली कोणाला पाठवायची, विश्वासू माणसाचा नंबर द्या, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. माझी अक्कल चरायला गेली होती. मी सासऱ्यांचा दिला. म्हटलं, रोज ‘जावई कोरडे’ असा मेसेज गेला की निवृत्त मुख्याध्यापकांच्या नजरेत आपला भाव वधारेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात कपाटाला पॉलिश करायला बसलो. आम्हा पॉलिशवाल्यांचे हात कोपरापर्यंत स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलातच, हे मॅडमना सांगायचं सुचलंच नव्हतं. सासऱ्यांच्या फोनवर ‘अति मद्यपान’चा भडिमार! ते तडक आले आणि गिऱ्हाइकांसमोर माझं तोंड हुंगलं. कांद्याचा वास आला (जेवलो होतो हो!), तर म्हणाले, लपवायला कांदा खाल्लाय. लेकीला घेऊन गेले. मामा, रिकाम्या घरात मला चक्क रडू आलं.

शनिवारी मॅडमना घेऊन सासरी धडकलो. सासरे नुकतेच तुमच्या घरी बुद्धिबळ खेळून आले होते. यंत्र खोटं बोलत नाही, हा त्यांचा हेका. मॅडमनी नवाकोरा पट्टा त्यांच्याच हातात बांधला. आधी शून्य दाखवू, मग स्पिरिटचा बोळा लावू, म्हणाल्या. चहा येईपर्यंत बोळ्याशिवायच आकडा चढला! सासरे म्हणाले, दाढीनंतरचं लोशन. मॅडमनी हात-तोंड धुवायला लावलं. आकडा आणखी वर. आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं हो? सासरे छताकडे बघत म्हणाले, “काही नाही, जावयांचं बरोबर होतं. पोरीला बॅग भरायला सांग.”

तुमचा (खरोखरच कोरडा) भाचा

ता.क. बुद्धिबळात तुम्ही काय ओतता ते मी विचारणार नाही. पत्राचं कारण एवढंच, की शनिवारचा डाव मोडू नका. सासरे हल्ली मला ‘अहो जावईबापू’ म्हणतात.

ता.क. २ मॅडमना पिणाऱ्यांत एक जण कमी पडत होता. मॅडमनी आणि मी गप्प राहायच्या बोलीवर सासऱ्यांनी पट्टा ठेवून घेतलाय, सासूबाईंना रक्तदाबाचा म्हणून सांगितलंय. विश्वासू माणूस म्हणून नंबर माझा दिलाय. आत्ताच मेसेज आला, म्हणजे तुमचा डाव रंगलाय. बायको विचारतेय कोणाचा, मी म्हटलं दुकानातला. मामा, एक करा, निघताना दर वेळी त्यांना कांदा खायला घाला.