बाबांची खाट फिरवली

भुईगाव, वसई
गुरुवार

प्रिय धनेश,

आपल्या इराचा खोकला थांबला का? इथे फोनवर बाबांसमोर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. घाबरू नकोस, बातमी बरी आहे.

नव्या गोळ्यांनी त्यांचं दुखणं बरंच कमी झालंय. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात आधार देणाऱ्या, स्वयंसेविका फिलोमिना टीचर मंगळवारी आल्या होत्या. नुसत्या गप्पांनी काय होणार, म्हणून मी चरफडत होते. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "दिवसभर काय बघता?"

"भिंत."

महिनाभर हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! खाट फिरवली तर खिडकीतून केळी दिसतात, पण पाय देव्हाऱ्याकडे होतात. मी अडून बसले. आईने सरळ देव्हारा उचलून पलीकडच्या भिंतीला नेला. म्हणाली, "देवांना कुठूनही दिसतं. यांना नाय दिसत."

आता बाबा खिडकीतून सगळ्यांवर ओरडतात. पाणी कमी घातलं, सुकलेली पानं काढली नाहीत. ऐकून इतकं बरं वाटतं!

काल केळीचा एक घड दाखवून मला म्हणाले, "याला अजून दोन महिने लागतील. तू उतरव."

तुम्ही दोघं त्याआधी या.

तुझी,
उन्नती