शेजारचं विरजण

आये,

गोठ्यात दुभत्या म्हशी, घरात दुधाने भरलेली कासंडी, आणि तरी रोज संध्याकाळी तू वाटी घेऊन वाडीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीकडे विरजण मागायला जायचीस. चमचाभर दह्यासाठी गेलेली बाई तासाभराने परत यायची. मी चुलीपाशी भाकऱ्या राखत बसायचे आणि चिडायचे. आपलं दही कुठे गेलं विचारलं की तू म्हणायचीस, "इसरले गो ठेवायला." एवढी कामाची बाई रोज नेमकं तेवढंच कसं विसरते, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

तू गेल्यावर बाबा बरीच वर्षं वाडीवरच राहिले. मग वरच्या डोंगराला भेग पडली, माणसं खाली उतरली, आणि मी त्यांना महाडला माझ्याकडे आणलं. मी दिवसभर कोर्टात कामाला, बाबा टीव्हीसमोर. हळूहळू त्यांचे शब्द हरवायला लागले. एकदा कासंडी आठवेना, तर "ते... दुधाचं ते" म्हणत हातांनी आकार दाखवत राहिले. मी घाबरले. उद्या मलाही असंच हातांनी दाखवतील का? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "दिवसभरात हे बोलतात कुणाशी?" बोलणंचालणं तुटलं की विसरणं वाढू शकतं, असं ते म्हणाले.

घरी येताना तुझी वाटी आठवली. आता रोज संध्याकाळी मी बाबांना विरजण आणायला खालच्या मजल्यावर पाठवते. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर एकटेच राहतात. पहिल्या दिवशी बाबा लगेच परत आले. "पिशवीच्या दुधाचं दही. पानी हाय नुसतं." आता बोलावल्याशिवाय वर येत नाहीत. परवा जिना चढता चढता आपणहून "कासंडी" म्हणाले. कंडक्टरांना धार कशी काढायची ते शिकवत होते म्हणे. इतके महिने तो शब्द डोक्यात कुठे दडून बसला होता, आणि कुठल्या बोलण्याने उठून आला? मला खरंच जाणून घ्यायचंय. रोज असं होत नाही. काल त्यांनी मला तुझ्या नावाने हाक मारली.

आज मात्र हसतच आले. "तुजी आये दही लपवायची, म्हायीत हाय ना? तांदळाच्या मडक्यामागं."

"पण का?"

"म्हातारी एकटी. बोलंल कुनाशी? उगाच गेलं तर तिला वाटंल, कीव करायला आले. मागायला गेलं की कशी ताठ बसायची!" मग वाटी माझ्या हातात देत आवाज खाली आणून म्हणाले, "ह्या कंडक्टराचं पन तसंच हाय गो. मी गेलो नाय, तर तो सगळं इसरून जाईल."

आये, तू म्हातारीसाठी जायचीस की स्वतःसाठी, एवढं तरी सांगून जायचं होतंस. हा कागद काही तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. बाबांपुढे मी नुसती मान हलवली. आपलं दही फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीमागे आहे.