माडखार, जिल्हा कुलाबा

मी, नुमान हसन माडखारकर, वय पासष्ट, धंदा पाट्या रंगवण्याचा, राहणार सहम, ओमान, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मूळ गाव माडखार, जिल्हा कुलाबा. कुलाब्याचा रायगड होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. तरी असंच राहू द्यावं.

१. पत्नी खुदेजा आणि मुलगा नबील यांना त्यांचे हिस्से शरियतप्रमाणे मिळावेत. माझे ब्रश नात अंबरीनला. ती मराठी अडखळत बोलते, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढते.

२. शरियतप्रमाणे जी एक तृतीयांश मालमत्ता मृत्युपत्राने मला हवी तशी देता येते, तिच्यात माडखारची नारळाची वाडी येते. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

ओमानला येण्याच्या आदल्या वर्षी गावाच्या वेशीवरची 'माडखार, जिल्हा कुलाबा' ही पाटी मी रंगवली होती. चार वर्षांपूर्वी आमची ग्रामपंचायत शेजारच्या नगरपंचायतीत गेली आणि माडखारचं प्रभाग नऊ झालं. ठरावावर सदस्य म्हणून माझा धाकटा भाऊ बाबामियाँ याची सही होती. मी फोनवर म्हणालो, "तू गाव पुसलंस."

तो म्हणाला, "भाई, तू चाळीस वर्षं तिकडे. इथे आपा या वयात विहिरीवर जाते. नळ येणार असेल तर मी अशा दहा सह्या करीन."

आपा म्हणजे आमची थोरली बहीण आमिना. मी फोन ठेवला, त्यानंतर चार वर्षं त्याचा फोन उचललाच नाही.

इथेही २०११ मध्ये आमच्या बातिना प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. काही दुकानदारांनी पाट्यांवर 'उत्तर' लिहून घेतलं. शेजारचे दुकानमालक सालेम अर्बाब म्हणाले, "सहम लिही, खलास." तेव्हा मला हसू आलं होतं. स्वतःच्या गावावर आलं तेव्हा नाही आलं.

गेल्या आठवड्यात आपाने सांगितलं. रस्ता रुंद करताना माझी पाटी भंगारात निघाली होती. बाबामियाँने ती खांद्यावरून घरी आणली, गंज खरवडला, आणि दर ईदला तो ती पुसून ठेवतो. "भाईला सांगू नको, असं म्हणाला होता," आपा म्हणाली.

म्हणून वाडीचा रस्त्याकडचा तुकडा गावाला द्यावा आणि ती पाटी तिथे उभी करावी. तिच्याखाली नवी लावावी : प्रभाग ९, जिल्हा रायगड. नळ त्याच नावाने आला आहे. उरलेली वाडी आपाला.

३. मरण इथे आलं तर दफन इथेच करावं. खुदेजा इथे राहणार आहे, तिच्यापासून लांब नको.

४. हे सगळं पार पाडण्यासाठी बाबामियाँला नेमतो. त्याला विचारायला परवा फोन केला. तो म्हणाला, "मेल्यानंतरची कामं करीन मी. आधी जिवंत ये."

वीस तारखेचं तिकीट काढलं आहे. अंबरीनही येते आहे. हा कागद मी सोबत नेणार आणि त्याच्यासमोर बसून मीच वाचून दाखवणार.

नुमान हसन माडखारकर (सही)

नुमानभाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली :
१. शिरीष ठोसर, माबेला (सही)
२. धनेश वेद, मत्रह (सही)

सहम, ३ नोव्हेंबर २०२५